'लंबाडा'च्या चालीचा सातबारा

1990 च्या आसपास ज्यांचं शाळेचं वय होतं, त्यांना ही चाल आठवण करून द्यावी लागत नाही. नुसतं 'लंबाडा' म्हणा, समोरचा आपोआप गुणगुणायला लागतो. आमच्या गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. गायिका पाणी प्यायला आत गेली की कीबोर्डवाला पोरगा वेळ मारून न्यायला हमखास हीच धून काढायचा आणि खुर्च्यांवर बसलेली पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. गाणं कुठल्या भाषेतलं, कुणाचं, त्यात म्हटलंय काय, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. एक मित्र तर हे लमाणांचं गाणं आहे असं ठामपणे सांगायचा, कारण तेलंगणात लमाणांना 'लंबाडा' म्हणतात हे त्याने सोलापूरच्या मामाकडून ऐकलं होतं. संबंध शून्य. पण 'हे कुणाचं?' हा प्रश्न निदान त्याला पडला होता. तो प्रश्न पुढे फ्रान्समध्ये वकिलांपर्यंत गेला.

गाणं पोर्तुगीज भाषेतलं. गायलं 'काओमा' या गटाने, 1989 साली. मुख्य आवाज लोआल्वा ब्राझ या ब्राझीलच्या गायिकेचा. गट मात्र पॅरिसमध्ये जमवलेला. त्यातले बरेचसे वादक आधी 'तूरे कुंदा' या सेनेगली भावांच्या गटाबरोबर वाजवायचे. म्हणजे ब्राझीलची गायिका, आफ्रिकन संगीतात मुरलेले वादक आणि फ्रेंच निर्माते. चाल यांच्यापैकी कुणाचीच नव्हती.

आधी व्हिडिओबद्दल बोलू, कारण बहुतेकांच्या डोक्यात गाण्याआधी तोच येतो. ब्राझीलच्या बाइया राज्यात त्रांकोसो नावाचं गाव आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर जून 1989 मध्ये तो चित्रित झाला. वाळू, ऊन, गरगर फिरणारे आखूड झगे, एकमेकांना चिकटून नाचणारी मोठी माणसं आणि या सगळ्यात दोन लहान मुलं: सोनेरी केसांची मुलगी आणि सावळा मुलगा. त्यांचं एकत्र नाचणं मुलीच्या बापाला खपत नाही, पोरं तरी नाचतातच. चार मिनिटांत प्रेमकथा, वर्णभेद आणि पर्यटनाची जाहिरात, तिन्ही उरकलं आहे. आज पाहिलं तर दहा-अकरा वर्षांच्या मुलांना तसं नाचायला लावणं जरा खटकतं, पण तेव्हा जगभर लोक त्या जोडीवर लुब्ध होते.

आता शब्द. गाण्याची पहिली ओळ सांगते की ज्याने एके काळी मला फक्त रडवलं, तोच रडत निघून गेला. पुढे येतं की जे प्रेम त्याला जपता आलं नाही ते आठवून तो रडेल आणि ती आठवण तो जाईल तिथे त्याच्याबरोबर असेल. पडद्यावर सुट्टीचा जल्लोष, तोंडात शाप. कान देऊन ऐकलं तर चालही हसरी नाही. मायनर स्वरांतली आहे, म्हणजे आपल्या हिशेबात कोमल गंधाराची. वरून सुरू होते आणि एकेक पायरी खाली उतरते, कुणी जिना उतरून जात असल्यासारखी. खालचा ठेका मात्र कंबर हलवल्याशिवाय सोडत नाही. रडकी चाल आणि नाचरा ठेका ही जोडी आपल्याला नवी नाही, विरहाची लावणी ढोलकीच्या कडकडाटावरच रंगते.

ही चाल ब्राझीलची वाटते, पण ती समुद्रकिनाऱ्यावर जन्मलीच नाही. ती बोलिव्हियाची. त्या देशाला समुद्र नाही.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा भागात एर्मोसा भावांचा 'लोस कार्कास' नावाचा गट आहे, 1971 पासूनचा. आंदीज डोंगरांतलं लोकवळणाचं संगीत हा त्यांचा प्रांत. चारांगो नावाचं दहा तारांचं छोटं वाद्य (पूर्वी त्याचा भोपळा म्हणून आर्माडिलो या खवलेवाल्या प्राण्याची पाठ वापरत), केना ही बासरी आणि सांपोन्या, म्हणजे वेताच्या नळ्या ओळीत बांधून केलेला पावा. परंपरेत सांपोन्याचे स्वर दोन वादकांत वाटलेले असतात. एक स्वर याच्याकडे, पुढचा त्याच्याकडे. एकट्याने वाजवलं तर अर्धीच चाल निघते.

या गटातल्या उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या भावांनी 'योरांदो से फुए' नावाचं गाणं केलं. अर्थ, 'रडत निघून गेली'. कार्कासने ते 1981 मध्ये ध्वनिमुद्रित केलं. इथे पुरुष गातो आहे आणि गेलेली ती आहे. ती रडत गेली, मला तिच्या प्रेमावाचून एकटा ठेवून गेली, एकटी असेल तेव्हा तिला हे प्रेम आठवेल आणि ते काळालाही पुसता येणार नाही. शाप नाही, नुसतं दुःख. पोर्तुगीजमध्ये येताना 'ती'चा 'तो' झाला, 'काळाला पुसता न येणारं प्रेम' हे 'त्याला जपता न आलेलं प्रेम' झालं आणि विरहाच्या जागी हिशेब चुकता करणं आलं. मला विचाराल तर मूळ गाणं जास्त मोठ्या मनाचं आहे. पण दुसऱ्यात जो झणका आहे त्याने ते जगभर गेलं, हेही खरं.

प्रवास असा झाला. 1984 मध्ये पेरूच्या 'क्वार्तेतो कोन्तिनेन्ताल' या गटाने ते कुंबिया या लॅटिन अमेरिकन नाचाच्या ठेक्यावर घेतलं, लय वाढवली आणि सांपोन्याच्या जागी अकॉर्डियन आणलं. आज आपण गुणगुणतो तो सुरुवातीचा भात्याच्या आवाजाचा तुकडा बोलिव्हियाच्या पाव्याचा नाही, पेरूच्या या अकॉर्डियनचा आहे. 1986 मध्ये मार्सिया फेरेइरा या ब्राझीलच्या गायिकेने, एर्मोसा भावांची रीतसर परवानगी घेऊन, पोर्तुगीज शब्द केले आणि गायले. तिचं गाणं ब्राझीलमध्ये चाललं.

त्याच काळात ब्राझीलमध्ये 'लंबाडा' नावाचा नाच पसरत होता. उत्तरेकडच्या पारा राज्यातल्या कारिंबो या लोकनृत्यात कॅरिबियन रेडिओवरून आलेले ठेके मिसळून तो तयार झाला. पोर्तुगीजमध्ये 'लंबाडा' म्हणजे सणसणीत फटका. पिंडुका या गायकाने 1976 मध्येच हे नाव एका गाण्याला दिलं होतं. नाच दक्षिणेकडे सरकत बाइयातल्या पोर्तो सेगुरोला पोचला. तिथे सुट्टीवर आलेल्या ऑलिव्हिए लॉर्साक आणि जाँ काराकोस या दोन फ्रेंच निर्मात्यांनी तो पाहिला, 1988 साली. आपल्या हाती काय लागलंय हे त्यांना तत्काळ कळलं.

फ्रान्समध्ये दर उन्हाळ्याला एक गाणं 'उन्हाळ्याचं गाणं' ठरतं. ते आपोआप ठरत नाही, ठरवलं जातं. टीएफ वन ही तिथली मोठी वाहिनी 1987 मध्ये खाजगी झाली होती आणि असं गाणं सगळा मोसम पडद्यावर वाजवत ठेवण्याची ताकद तिच्याकडे होती. 1989 च्या उन्हाळ्यात ती 'लंबाडा'च्या मागे उभी राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीची दोनशे वर्षं त्याच उन्हाळ्यात साजरी होत होती, पण लोकांच्या ओठांवर होतं रडत गेलेल्या कुणाचं तरी गाणं. फ्रान्सच्या यादीत ते 12 आठवडे पहिलं होतं. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. अमेरिकेत फारसं नाही, 46 व्यावर अडकलं. बाकी युरोप मात्र खिशात.

आणि तबकडीवर गीत-संगीतासाठी नाव होतं 'चिको दी ओलिव्हेइरा'. ब्राझीलमध्ये हे नाव आपल्याकडच्या 'सुरेश पाटील'इतकं सरसकट. या नावामागे बोलिव्हियातला कुणी नव्हता, ब्राझीलमधलाही कुणी नव्हता. ते निर्मात्याने स्वतःसाठी घेतलेलं टोपणनाव होतं.

इथून पुढचं समजायला आपला सातबारा उपयोगी पडतो.

एखादं गाणं म्हणजे एक वस्तू नाही. जमीन वेगळी आणि जमिनीवरचं घर वेगळं, तसं. चाल आणि शब्द ही जमीन. ती संगीतकाराची आणि गीतकाराची. विशिष्ट गायकाने विशिष्ट दिवशी स्टुडिओत गाऊन जे मुद्रण तयार झालं ते घर. ते बहुधा कंपनीचं. एकाच जमिनीवर कितीही घरं उठू शकतात: कार्कासचं 1981 चं, पेरूवाल्यांचं 1984 चं, फेरेइराचं 1986 चं, काओमाचं 1989 चं. प्रत्येक घराचा मालक वेगळा असू शकतो, पण प्रत्येकाने जमीनमालकाला भाडं द्यायचं असतं. रेडिओवर गाणं वाजलं, तबकडी विकली गेली, बँडने कार्यक्रमात वाजवलं, की त्यातला एक वाटा चालीच्या आणि शब्दांच्या मालकाकडे जातो. नवं घर बांधायला परवानगी लागते आणि भाषांतर करायचं असेल तर ती हमखास लागते, कारण तुम्ही जमिनीचा आकारच बदलता आहात. फेरेइराने परवानगी घेतली. काओमाच्या निर्मात्यांनी तिचं घर जवळपास जसंच्या तसं उचललं आणि जमिनीच्या उताऱ्यावर परस्पर फेरफार नोंदवला.

हा उतारा असतो कुठे? गीतकार-संगीतकारांच्या संस्थांच्या दप्तरात. फ्रान्समध्ये ती संस्था 'सासेम', 1851 पासूनची. तिच्या जन्माची गोष्ट फक्कड आहे. 1847 मध्ये एर्नेस्ट बूर्जे नावाचा संगीतकार पॅरिसच्या एका कॅफेत बसला होता. तिथे त्याचीच रचना चालू होती. त्याने पेयाचे पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझं संगीत फुकट वाजवता, मी तुमचं पेय फुकट पितो. प्रकरण कोर्टात गेलं, बूर्जे जिंकला आणि त्यातून पुढे संस्था उभी राहिली. आपल्याकडे हे काम करणारी संस्था 'आयपीआरएस' आहे.

गोम अशी आहे की या संस्थांच्या दप्तरात ज्याचं नाव त्याच्याकडे पैसे जातात. कारकून चाल ऐकून बघत नाही. पण ज्याचं नाव उताऱ्यावर, तोच खरा मालक असं नसतं, हे जमिनीचे खटले पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. सातबारा ही महसुलाची नोंद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. गाण्याचंही तसंच. हक्क नोंदणीने तयार होत नाही, रचना केल्याक्षणी तयार होतो. नोंद चुकीची असेल तर ती कोर्टात मोडता येते. फक्त तोवर पैसे चुकीच्या दारात पडत राहतात आणि भांडायला निघालेल्या माणसाचं घर कोचाबांबात असतं, कोर्ट पॅरिसमध्ये.

इथे एर्मोसा भावांच्या बाजूने एक गोष्ट होती. मोठी प्रकाशन कंपनी त्यांच्या हक्कांसाठी उभी राहिली. प्रकाशक म्हणजे जमिनीचा मुखत्यार. वसुली तो करतो, भांडतो तो, त्यातला हिस्सा ठेवतो. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि तडजोडीने एर्मोसा भावांचा हक्क मान्य झाला. आज 'लंबाडा'च्या श्रेयनामावलीत उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा ही नावं दिसतात. 2011 मध्ये जेनिफर लोपेझने 'ऑन द फ्लोअर'मध्ये हीच चाल वापरली, तेव्हा ती नावं सुरुवातीपासून होती. उलिसेस मात्र तेव्हा हयात नव्हते, ते 1992 मध्येच गेले.

एवढं उघड असताना निर्मात्यांची हिंमत कशी झाली, हा प्रश्न मला जास्त रोचक वाटतो. माझ्या मते 'हे तर लोकसंगीत' या समजुतीची त्यात मोठी मदत झाली. पावा वाजतोय, चारांगो वाजतोय, म्हणजे चाल डोंगरातून आपोआप उगवलेली असणार, तिला बाप कशाला असेल? आंदीजच्या संगीताबाबत हे आधीही घडलं होतं. 1970 मध्ये सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीने 'एल कोन्दोर पासा' गायलं, तेव्हा पॉल सायमनला पॅरिसमधल्या 'लोस इन्कास' या गटाकडून ती लोकचाल आहे असंच कळलं होतं. प्रत्यक्षात ती पेरूच्या दानिएल आलोमिया रोब्लेस या संगीतकाराने 1913 मध्ये एका नाटकासाठी केली होती. त्याच्या मुलाने दावा लावला आणि तो गोडीत मिटला, कारण सायमनचा हेतू वाईट नव्हता हे मुलालाही मान्य होतं.

गंमत म्हणजे लोककलेला संरक्षण हवं ही मागणी ज्या देशाने जगापुढे मांडली, तो बोलिव्हियाच. 1973 मध्ये बोलिव्हियाच्या सरकारने युनेस्कोला पत्र लिहिलं की आमच्या लोकांचं संगीत, नृत्य बाहेरचे उचलतात, त्याचा धंदा करतात आणि ज्यांचं ते आहे त्यांच्या हाती काही लागत नाही. या पत्रापासून सुरू झालेली चर्चा पुढे 2003 च्या अमूर्त वारशाच्या जागतिक करारापर्यंत पोचली. त्या पत्रानंतर सोळा वर्षांनी त्याच देशाची सगळ्यात गाजलेली चाल किनाऱ्यावरच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या नावाने नाचत होती.

पण ही गोष्ट 'गरीब बोलिव्हिया, लबाड फ्रेंच' एवढी सरळ ठेवली तर खोटी होईल. कार्कासच्या अशा गाण्यांच्या ठेक्याला 'साया' म्हटलं जातं. साया हे नाव मुळात बोलिव्हियातल्या काळ्या लोकांचं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज युंगास भागात राहतात, त्यांचे ढोल, त्यांचा नाच. त्यांनी 1980 च्या दशकाअखेरीस चळवळ उभारून सांगितलं की तुम्ही ज्याला साया म्हणता ती साया नव्हेच, तो 'कापोरालेस' आहे, शहरी मिरवणुकीतला नवा नाच. आमचं नाव लावता, निदान आमचा ठेका तरी नीट ऐका. म्हणजे ज्यांची चाल चोरीला गेली, त्यांच्यावरही शेजाऱ्याचं नाव वापरल्याचा आक्षेप आहेच. इथे कायद्याचा उपयोग संपतो. चालीला मालक सापडतो, ठेक्याला सापडत नाही. पेरूच्या अकॉर्डियनचंही असंच. तो तुकडा सगळ्यांच्या कानात आहे, पण अशा सजावटीचा हक्क चालीइतका पक्का नसतो.

आणि आपण? आपणही या रांगेत आहोत. 1990 च्या 'घायल' चित्रपटात 'सोचना क्या, जो भी होगा देखा जाएगा' हे गाणं आहे. संगीतकार बप्पी लाहिरी, गाणाऱ्यांत आशा भोसले. चाल 'लंबाडा'ची. आमच्या ऑर्केस्ट्रावाल्या पोराला त्यानंतर भलताच मान मिळाला, कारण आता तो 'पिक्चरचं गाणं' वाजवत होता. कॅसेटच्या पाठीवर कोचाबांबाचं नाव कुणी शोधलं नाही, मीही नाही.

आपल्या कायद्यात आज हे सगळं लिहिलेलं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून 60 वर्षं. 2012 मध्ये त्यात महत्त्वाचा बदल झाला. गीतकार-संगीतकाराने निर्मात्याला हक्क लिहून दिले, तरी चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं की रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. एकदाच पाकीट हातात ठेवून 'विषय संपला' म्हणण्याची जुनी रीत त्यामुळे अडचणीत आली. एखाद्या गाण्याचं स्वतःचं 'कव्हर', म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन केलेलं मुद्रण, बाजारात आणायचं, तर पहिलं मुद्रण होऊन पाच वर्षं उलटलेली हवीत, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यायला हवी आणि मूळ कृतीत मनमानी बदल करता येत नाहीत. आपल्या कॅसेटांवर आणि आता यूट्यूबवर 'चाल: पारंपरिक' असं सहज लिहिलं जातं. कधी ते खरं असतं. कधी त्या शब्दाखाली एखाद्या शाहिराचं किंवा भजनी मंडळातल्या मास्तरांचं नाव गाडलेलं असतं आणि त्यांना जाऊन अजून साठ वर्षं झालेली नसतात.

लोआल्वा ब्राझचा 2017 मध्ये ब्राझीलमध्ये दरोडेखोरांनी खून केला. तिने चाल चोरली नव्हती, तिने ती गायली होती, आणि इतकी गायली की पुढे कुणीही गायलं तरी कानात तिचाच आवाज येतो.

चारही घरं आज मोबाइलवर ऐकता येतात. एकदा क्रमाने ऐकून बघा, पण उलट्या. आधी काओमा, मग फेरेइरा, मग पेरूवाले. प्रत्येक वेळी काहीतरी गळत जातं: स्टुडिओतला चकचकीत ठेका, मग पोर्तुगीज शब्द, मग अकॉर्डियन. शेवटी कार्कास लावा. लय थोडी सैल होते, वेताच्या नळ्यांतून फुंकर ऐकू येते, समुद्र कुठेच नसतो, आणि गेलेली ती पुन्हा 'ती' असते.